‘शिरकाव’, ‘वावर’ आणि ‘रान’ : बिबट्याविषयीच्या मराठी लेखनाची चिकित्सा

१

एखाद्या प्राण्याला भाषेत कोणते नाव आहे, याची नोंद कोशकार घेतात. त्या प्राण्यासाठी लिहिणारे कोणते क्रियापद योजतात, याची नोंद मात्र सहसा घेतली जात नाही. वस्तुतः प्राण्याकडे पाहण्याची समाजाची दृष्टी नामापेक्षा क्रियापदातून अधिक स्पष्टपणे प्रकट होते. गाय येते, साप निघतो, टोळधाड पडते आणि बिबट्या ‘शिरतो’. यांतील शेवटचे क्रियापद गेल्या पंचवीस वर्षांत मराठी वृत्तलेखनात इतके रूढ झाले आहे, की त्याच्या अर्थाकडे कोणाचे लक्षही जात नाही. प्रस्तुत लेखात या आणि अशाच काही शब्दांची चिकित्सा करावयाची आहे. पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर हे दोन तालुके त्यासाठी क्षेत्र म्हणून घेतले आहेत. या तालुक्यांत हे शब्द वस्तुस्थितीशी जितके विसंगत ठरतात, तितके क्वचितच इतरत्र ठरत असतील.

ही चिकित्सा केवळ शैलीच्या शुद्धाशुद्धतेची नाही. बातमीतील शब्द ग्रामसभेच्या ठरावात येतो, ठरावातील शब्द अर्जात येतो आणि अर्जातील शब्दावरून पिंजरा लागतो. सबब ज्या भाषेत बिबट्याचे वर्णन होते, ती भाषा त्या प्राण्याच्या आणि त्याच्या शेजारी राहणाऱ्या माणसांच्या भवितव्याशी प्रत्यक्ष निगडित आहे.

२

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला बारामती परिचित आहे ती मोरोपंतांमुळे. भूगोलाच्या अभ्यासकाला तिचा परिचय अवर्षणप्रवण प्रदेश म्हणून असतो. बारामतीतून कऱ्हा वाहते व पुढे नीरेला मिळते. इंदापूर तालुक्याच्या उत्तरेस भीमा व दक्षिणेस नीरा असून त्या दोन नद्यांचा संगम नीरा-नरसिंहपूर येथे होतो. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील या भूभागात दाट अरण्य असे नाही. येथील मूळचे निसर्गरूप म्हणजे माळरान : आखूड गवत, तुरळक बाभळी-बोरी आणि मुरमाड जमीन. बारामती तालुक्यात सुपे येथे १९९७ साली घोषित झालेले मयूरेश्वर अभयारण्य केवळ ५.१४ चौरस किलोमीटरचे आहे आणि ते चिंकारा हरणासाठी राखलेले आहे. इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीचा माळही चिंकारा, लांडगा, तरस व खोकड यांच्यासाठी ओळखला जातो. या माळांचे मूळ रहिवासी हेच प्राणी होत.

या प्रदेशाचे रूप पालटले ते पाण्यामुळे. १८८५ साली नीरेचा डावा कालवा वाहू लागला. १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले आणि भीमेचे पाणी इंदापूरच्या उत्तर सीमेवर पसरले. सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगरचा छत्रपती इत्यादी सहकारी साखर कारखान्यांभोवती उसाचे क्षेत्र वाढत गेले. आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने शेतात उभा असतो. पुरुषभर उंचीचा आडोसा, बारमाही पाणी, वस्तीभोवतीची कुत्री, डुकरे, शेळ्या व वासरे ही सर्व सामग्री एकत्र आली, की बिबट्याला राहण्यास आणखी काही लागत नाही. जुन्नर, आंबेगाव, खेड व शिरूर या तालुक्यांत हे आधी घडले. त्यानंतर दौंड, बारामती व इंदापूर या बाजूंनीही बिबट्या दिसल्याच्या, जनावरे मारल्याच्या आणि पिंजऱ्यात सापडल्याच्या बातम्या येऊ लागल्या. त्या बातम्यांची भाषा मात्र सह्याद्रीच्या पायथ्याशी घडलेली होती. ती तशीच उचलून माळावर आणली गेली.

३

प्रथम नामाचा विचार करणे इष्ट होईल. ग्रामीण मराठीत ‘वाघ’ हा शब्द पट्टेरी वाघ व बिबट्या या दोहोंसाठी चालतो. भेद करण्याची गरज पडली, तर ‘ढाण्या वाघ’ आणि ‘बिबळ्या वाघ’ अशी विशेषणे लावली जातात. हा भाषेचा आळस आहे, असे नागर वाचकास वाटण्याचा संभव आहे. तथापि ही परंपरा बरीच जुनी आहे. संस्कृतात ‘द्वीपिन्’ हा बिबट्याचा वाचक शब्द असून त्याच्या अंगावरील ठिपके ही जणू द्वीपे, अशी त्यामागील कल्पना आहे. असे असूनही अमरकोशाने ‘द्वीपिन्’ हा शब्द व्याघ्राच्या पर्यायांत घातला आहे. दोन प्राण्यांना एका नावाखाली घेण्याची प्रवृत्ती म्हणजे केवळ अशिक्षितांचा गोंधळ नव्हे, एवढे यावरून दिसते.

‘बिबट्या’ या रूपातील ‘-या’ हा प्रत्ययही लक्षणीय आहे. ढाण्या, काळ्या, ठिपक्या यांप्रमाणे तो ओळखीचा, सलगीचा प्रत्यय आहे. शासकीय लेखनात हा प्रत्यय गळून ‘बिबट’ असे रूप होते. गावाच्या ओळखीचा प्राणी कार्यालयीन कागदावर येताना आपली सलगी बाहेर ठेवून येतो, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. याच्या उलट ‘वाघोबा’ या रूपात ‘-बा’ हा आदरार्थी प्रत्यय आहे. खंडोबा, म्हसोबा, नागोबा या मालिकेतील तो शब्द असून ज्याच्याशी सामना टळत नाही, त्याच्याशी नाते जोडून ठेवण्याची वृत्ती त्यातून व्यक्त होते. ठाणे-पालघरकडील वारली समाजात वाघोबाची पूजा आजही चालते. ‘पँथर’ हा इंग्रजी शब्द मराठीत आला तो मात्र प्राण्यासाठी स्थिरावला नाही. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या ‘दलित पँथर’ या संघटनेमुळे त्याला मराठीत निराळाच अर्थ लाभला.

येथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. सोमेश्वर कारखान्यालगतच्या वाघळवाडीसारखी ग्रामनामे पाहून ‘येथे पूर्वी वाघ होतेच’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. परंतु त्या नावाचा संबंध वाघाऐवजी वाघळाशी, म्हणजे वटवाघळाशी असू शकतो. ग्रामनामाच्या एकट्या साक्षीवर प्राण्याचा इतिहास रचणे शास्त्रीय ठरत नाही.

नामविषयक आणखी एक दोष अलीकडचा आहे. ‘बिबट्यासदृश प्राणी’ हा शब्दप्रयोग वृत्तलेखकाला जबाबदारीतून मोकळे करतो; पण भीती जशीच्या तशी पोहोचवतो. तरस, लांडगा व रानमांजर यांचे वास्तव्य असलेल्या माळावर हा प्रयोग विशेष घातक होय. बिबट्या चालताना नख्या आत ओढून घेतो. म्हणून त्याच्या ठशात त्या सहसा उमटत नाहीत. कुत्रा, लांडगा व तरस यांच्या ठशांत त्या उमटतात. इतकी साधी कसोटी बातमीत एका वाक्यात देता येण्याजोगी असता ती क्वचितच दिली जाते. परिणामी तरसावर व लांडग्यावरही बिबट्याच्या नावाने काठ्या पडण्याचे भय राहते.

४

आता ‘शिरकाव’ या शब्दाकडे वळू. शिरणे या क्रियापदास आत आणि बाहेर अशा दोन जागा लागतात. जो शिरतो, तो बाहेरचा असतो आणि त्याचे आत असणे अनधिकृत असते. ‘बिबट्या मानवी वस्तीत शिरला’ या वाक्यात तीन विधाने गृहीत धरलेली असतात : बिबट्याचे घर अरण्यात आहे, तो तेथून आला आहे, आणि त्याला तेथे परत पाठविता येईल. ‘वाट चुकलेला’, ‘भक्ष्याच्या शोधात आलेला’ ही विशेषणे त्याच गृहीतकाची पिल्ले होत. बारामती-इंदापुरात यांतील एकही विधान टिकत नाही. जवळ अरण्य नाही. उसात जन्मलेल्या बिबट्याने अरण्य पाहिलेलेही नसते. ज्या शेतात त्याचे डोळे उघडले, त्याच शेतात तो ‘शिरला’ असे म्हणणे अर्थदृष्ट्या असंबद्ध आहे.

या असंबद्धतेचे मोल जुन्नर विभागात चुकवावे लागले. तेथे फेब्रुवारी २००१ पासून शेतीप्रदेशातील बिबटे पकडून लगतच्या वनांत सोडण्याची मोहीम हाती घेण्यात आली. एकूण २९ बिबटे सरासरी सुमारे ४० किलोमीटर अंतरावर नेऊन सोडण्यात आले. डॉ. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या मोहिमेचा परिणाम नोंदविलेला आहे. मोहिमेपूर्वी माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ होत, ते नंतर १७ झाले. हल्ल्यांपैकी प्राणघातक ठरणाऱ्यांचे प्रमाण १८ टक्के होते, ते ३६ टक्के झाले. अपरिचित प्रदेशात सोडलेला, पकडताना बिथरलेला प्राणी अधिक धोकादायक होतो. त्याने सोडलेली मोकळी जागा दुसरा बिबट्या भरून काढतो. ‘परत पाठवा’ ही मागणी न्याय्य वाटते याचे कारण ‘शिरला’ या क्रियापदात आहे. क्रियापदच चुकीचे असल्यामुळे उपायही चुकला.

याच अनुषंगाने ‘जेरबंद’ हा शब्द पाहण्यासारखा आहे. मूळचा हा फारसी शब्द घोड्याच्या साजातील चामडी पट्ट्याचा वाचक होय. आज तो बिबट्याच्या बातमीचा ठरीव शेवट झाला आहे. ‘अखेर बिबट्या जेरबंद’ असे छापून आले, की वाचकाच्या लेखी कथा संपते. खरी कथा तेथून सुरू होते. पकडलेला प्राणी तोच होता काय, त्याला कोठे नेले, त्याच्या जागी कोण आले, या प्रश्नांचे उत्तर ‘नैसर्गिक अधिवासात सोडण्यात आले’ या एका कर्मणी वाक्यात गुंडाळले जाते. ज्यांना सोडणे शक्य नसते, त्यांपैकी अनेकांचे उरलेले आयुष्य जुन्नरजवळच्या माणिकडोह येथील केंद्रात जाते. बातमीची भाषा तिथवर पोहोचत नाही.

५

‘नरभक्षक’ हा तिसरा शब्द सर्वांत जड आहे. तो वर्णनाचा शब्द म्हणून वापरला जातो. वस्तुतः तो निवाड्याचा शब्द आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्या कायद्याच्या अकराव्या कलमान्वये प्राणी मानवी जीवितास धोकादायक झाला असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक लेखी व सकारण आदेश देऊ शकतात. तेही पकडणे, बेशुद्ध करणे वा अन्यत्र नेणे शक्य नसल्याची खात्री झाल्यावर. ‘धोकादायक’ आणि ‘नरभक्षक’ या दोन शब्दांत मोठे अंतर आहे. पहिला विशिष्ट प्राण्याच्या विशिष्ट वर्तनाविषयी बोलतो. दुसरा त्याच्या स्वभावाविषयी, आणि पुढे त्याच्या जातीविषयी. उसात वाकून काम करणाऱ्या माणसाशी अकस्मात गाठ पडून झालेला हल्ला आणि भक्ष्य म्हणून केलेला हल्ला यांतील भेद हा शब्द पुसून टाकतो.

तथापि या चिकित्सेला दुसरी बाजू आहे आणि ती टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. २०२५ साली शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात थोड्याच दिवसांच्या अंतराने तीन जणांचे प्राण गेले आणि त्यानंतर एका बिबट्याला गोळी घालण्यात आली. मृतांत लहान मुलेही होती. ज्या घरातील मूल गेले, त्या घराला शब्दार्थाची सूक्ष्मता सांगणे क्रूरपणाचे ठरेल. त्यांनी कोणता शब्द वापरावा, हा येथे प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो ज्यांचा व्यवसायच लेखनाचा आहे, अशांचा. त्यांनी शोकाचा शब्द वर्णनाच्या जागी बसविला, तर पुढचा मृत्यू टाळण्यासाठी जी माहिती लागते, तीच हरवते : वेळ कोणती होती, उजेड होता काय, मूल एकटे होते काय, शेळ्यांचा गोठा बंदिस्त होता काय, उकिरड्यावर कुत्री जमत होती काय.

‘मानव-बिबट संघर्ष’ हा शासकीय व विद्यापीठीय शब्दप्रयोगही निर्दोष नाही. संघर्षाला दोन पक्ष लागतात आणि त्या पक्षांना परस्परांविरुद्ध हेतू लागतो. बिबट्याला असा हेतू नसतो आणि शेतकऱ्याला तो असण्याइतकी फुरसत नसते.

६

संरक्षणवादी लेखनाची परीक्षाही त्याच कसोटीवर केली पाहिजे. त्यातील आवडता शब्द ‘सहजीवन’ अथवा ‘सहअस्तित्व’. त्याला संशोधनाचा आधार आहे, यात शंका नाही. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले येथे, दर चौरस किलोमीटरला ३०० हून अधिक माणसे राहत असलेल्या शेतीप्रदेशात, १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ४.८ प्रौढ बिबटे आढळल्याचे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदले आहे. तेथील बिबट्यांच्या आहारात वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के भाग पाळीव वा वस्तीलगतच्या प्राण्यांचा होता आणि त्यात कुत्र्याचा वाटा सर्वांत मोठा, ३९ टक्के, होता. बिबट्या माणसांत राहतो, हे यावरून सिद्ध होते. परंतु ‘सहजीवन’ या शब्दात जी स्वेच्छा व समाधान सूचित होते, ते यावरून सिद्ध होत नाही. ऊसतोडीसाठी दूरवरून आलेले कुटुंब फडाच्या कडेला कोपीत उतरते आणि तिच्यात लेकरे निजवून पहाटे कोयता हाती घेते. त्या कुटुंबाला हे सहजीवन कोणी विचारून दिलेले नाही. नुकसान कोण सोसतो, हे न सांगणारा शब्द ‘शिरकावा’इतकाच अपुरा होय.

या दृष्टीने २०१४ सालचा सुजय डहाके दिग्दर्शित ‘आजोबा’ हा चित्रपट उल्लेखनीय आहे. त्याला आधार आहे तो डॉ. अत्रेय यांनी अभ्यासिलेल्या एका खऱ्या बिबट्याचा. २००९ साली पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेल्या या नराला गळपट्टा बांधून माळशेज घाटात सोडण्यात आले. तेथून तो शेते, रस्ते व वस्त्या ओलांडीत, शंभराहून अधिक किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोहोचला. २०११ साली महामार्गावर वाहनाच्या धडकेने त्याचा अंत झाला. संशोधकांनी त्याला दिलेले ‘आजोबा’ हे नाव ‘वाघोबा’च्या परंपरेत बसणारे आहे. जातीविषयी न बोलता एका प्राण्याविषयी बोलता येते, हे त्या नावाने दाखविले. परंतु नात्याच्या नावातही एक धोका आहे. आजोबांवर प्रेम करणे सोपे असते. बिनावाच्या बिबट्याला मात्र ती सवलत मिळत नाही. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांच्या लेखनात हा दोष आढळत नाही. वनाधिकारी म्हणून हिंडताना त्यांनी रानातल्या माणसांकडून प्राण्यांची व त्यांच्या सवयींची नावे गोळा केली. त्यांच्या लेखनात प्राण्याशी जवळीक आहे, पण ती अचूक निरीक्षणाच्या वाटेने येते.

७

वृत्तलेखनाच्या ठरीव शब्दांमुळे जे झाकले जाते, ते म्हणजे बिबट्यावरील संकटे. माणसाला बिबट्यापासून असलेला धोका बातमीत येतो; बिबट्याला असलेला धोका ‘मृतावस्थेत आढळला’ या दोन शब्दांत संपतो. त्यातही क्रियापद अकर्तृक आहे. कठडा नसलेल्या विहिरी, रात्री वेगाने धावणारी वाहने, रानडुकरांसाठी लावलेले फास व वीजप्रवाह सोडलेल्या तारा, मेलेल्या जनावरावर घातलेले विष आणि पाहण्यास जमलेला जमाव ही ती संकटे होत. यांपैकी जमाव हा बातमीच्या भाषेतून थेट निर्माण होतो. ‘बिबट्याचे दर्शन’ असे छापले, की लोक दर्शनाला जातात. कोंडीत सापडलेला बिबट्या अशा वेळी माणसांना जखमी करतो आणि पुढील बातमीत तो ‘पिसाळलेला’ ठरतो.

ऊसतोडीच्या हंगामात आणखी एक प्रसंग वारंवार घडतो. फड तुटत आला, की आतल्या सरीत डोळे न उघडलेली पिल्ले सापडतात. बातमी त्यांना ‘बेवारस’ वा ‘आईपासून दुरावलेली’ म्हणते. वास्तविक आई जवळच्या फडात असते आणि रात्र होण्याची वाट पाहत असते. पिल्ले खोक्यात घालून त्याच जागी ठेवली आणि माणसे दूर झाली, तर ती येऊन त्यांना उचलून नेते. जुन्नर विभागात असे अनेकदा यशस्वीपणे करण्यात आले आहे. ‘बेवारस’ या शब्दावर विश्वास ठेवून पिल्ले उचलून नेली, तर पिल्लांचे आयुष्य पिंजऱ्यात जाते आणि त्यांना शोधणारी मादी वस्तीभोवती घिरट्या घालू लागते. एका विशेषणाच्या चुकीची किंमत दोन्ही बाजूंना मोजावी लागते, याचे याहून स्पष्ट उदाहरण देता येणार नाही.

देशातील बिबट्यांच्या २०२२ च्या अंदाजात, जो २०२४ साली प्रसिद्ध झाला, भारतात १३,८७४ व महाराष्ट्रात १,९८५ असे आकडे आहेत. या अंदाजाचा रोख मुख्यतः वनक्षेत्रांवर आहे. उसातील बिबट्या भाषेत ‘शिरलेला’ आहे, तसा तो गणनेतही कडेला राहिलेला आहे.

८

मग या प्राण्याविषयी लिहावे कोणत्या शब्दांत? त्यासाठी नवी परिभाषा घडविण्याची आवश्यकता नाही. बारामती-इंदापूरकडचा शेतकरी ‘रानात चाललो’ असे म्हणतो, तेव्हा तो शेतावर चाललेला असतो. जिराईत रान, बागाईत रान हे त्याचे रोजचे शब्द आहेत. तोच ‘रान’ शब्द रानडुक्कर, रानमांजर, रानवाट यांत अरण्याचा वा माळाचा अर्थ देतो. पिकाची जमीन आणि श्वापदांची जमीन यांना ही बोली एकच नाव देते. ‘वावर’ या शब्दाचीही तीच गत आहे. अनेक भागांत वावर म्हणजे शेत. आणि वावर म्हणजे हिंडणे-फिरणे, नित्याचे असणे. हे दोन शब्द मुळात एकच होत किंवा कसे, हा प्रश्न येथे बाजूला ठेवला तरी चालेल. ‘या भागात बिबट्याचा वावर आहे’ हे वाक्य ‘बिबट्याचा शिरकाव झाला’ या वाक्यापेक्षा अधिक खरे आहे, एवढे प्रस्तुत विवेचनापुरते पुरे. पहिल्या वाक्यात बिबट्या कोठून आला याची कल्पित कथा नाही; तो आहे, इतकेच विधान आहे. आणि तो आहे हे एकदा मान्य केले, की पुढचे प्रश्न योग्य क्रमाने येतात : गोठ्याला जाळी आहे काय, विहिरीला कठडा आहे काय, कोपीशेजारी दिवा आहे काय, भरपाई वेळेवर मिळते काय.

‘वावर’ हा शब्द काही वृत्तलेखक आजही वापरतात. पण पुढच्याच वाक्यात ‘शिरकाव’ येतो, कारण दोहोंतील अर्थभेद त्यांच्या ध्यानी आलेला नसतो. शब्द बदलल्याने बिबट्या बदलणार नाही, हे उघड आहे. उसाचे क्षेत्र, कालव्याचे पाणी व उकिरड्यावरची कुत्री आहेत तोवर तो या तालुक्यांत राहणार. बोलीने फार पूर्वी मान्य केलेली ही गोष्ट छापील मराठीनेही मान्य करावी आणि मग लेखणी उचलावी, इतकीच अपेक्षा आहे.